एक नंबरच्या खोलीतली हवा

त्या संशोधन केंद्रात श्वासावर पहारा असे. श्वास घ्यायला बंदी नव्हती, पण तो कुठे सोडायचा याचे नियम होते, आणि ते नियम पानबाईंनी घालून दिले होते. झाडांच्या खोलीत जाताना दाराबाहेर छाती भरून घ्यायची, आत जाऊन काम उरकायचं, आणि अगदीच दम निघेनासा झाला तर तोंड खांद्याकडे वळवून दाराच्या दिशेने सोडायचा. पाच मिनिटांच्या वर आत थांबायचं नाही. कोणी पानाजवळ तोंड नेऊन 'अय्या, किती हिरवंगार' म्हणालं, की बाहेर आल्यावर त्याची खैर नसे.

"आपण सोडतो त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड किती असतो, ठाऊक आहे?" बाई नव्या माणसाला विचारत. "बाहेरच्या हवेच्या शंभरपट. झाड काय खातं? तोच खातं. तू त्याच्यासमोर एकदा फू केलंस, म्हणजे ताटभर जेवण वाढून ठेवलंस. मग ते किती खातंय याचं माप मी काय घेणार, कपाळ?"

एकोणीस वर्षं बाई पानंच मोजत होत्या, म्हणून पानबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. पानाची लांबी, रुंदी, जाडी, आणि चिमट्यासारखं एक यंत्र पानाला लावून ते किती वायू आत ओढतंय, किती बाहेर टाकतंय, हे सगळं त्या वहीत लिहीत. पानाच्या पाठीला बारीक छिद्रं असतात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत हजारो. उजेड पडला की ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. मुळांनी वर पाठवलेलं पाणी आणि हा वायू, दोन्ही घेऊन पान उजेडाच्या जोरावर साखर करतं आणि उरलेला प्राणवायू बाहेर टाकून देतं. 'उरलेला' या शब्दाची बाईंना पूर्वी मोठी गंमत वाटे. आपण ज्यावर जगतो ते झाडांचं उष्टं आहे, असं त्या सगळ्यांना ऐकवत आणि स्वतःच हसत. हे पूर्वीचं झालं.

अक्का गेल्यापासून बाईंना कशाची गंमत वाटत नव्हती. वाईटही वाटत नव्हतं, हीच तर अडचण होती.

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून अक्कानेच त्यांना वाढवलं, आणि पुढे अक्काचा नवरा गेल्यावर दोघी बहिणी एकत्र राहू लागल्या. शेवटची चार वर्षं अक्काची फुप्फुसं आकसत गेली. इस्पितळाने घरी एक यंत्र दिलं होतं. ते हवेतून प्राणवायू वेगळा काढायचं आणि नळीने अक्काच्या नाकात सोडायचं. नळी अकरा मीटर होती. तेवढंच अक्काचं जग, झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. यंत्राची घरघर दिवसरात्र चालू असे. बाईंना ती ऐकूच येईनाशी झाली होती. मग एका सकाळी अक्का गेली, कोणीतरी यंत्र बंद केलं, आणि घरात इतकी शांतता झाली की बाईंना कानात दडा बसल्यासारखं झालं.

त्या रडल्या नाहीत. आलेल्या माणसांना पाणी दिलं, कपडे आवरले, औषधं परत केली. चौथ्या दिवशी कामावर हजर. अक्काची मुलगी, म्हणजे भाची, परगावाहून आली होती. जाताना दारात म्हणाली, "मावशी, तू एक टिपूस काढलं नाहीस गं. चार वर्षांत कंटाळली होतीस का तिला?" बाईंनी त्यावर विचार केला. कंटाळल्या नव्हत्या. पण तसं सांगायला तोंड उघडायला हवं होतं, आणि तेवढ्यात रिक्षा आली.

झाडांच्या खोल्या दोन होत्या. दोन्हींत घेवड्याची सारखीच रोपं, सारखाच उजेड, सारखंच पाणी. फरक फक्त हवेचा. एक नंबरमध्ये साधी, बाहेरच्यासारखी हवा. दोन नंबरमध्ये सिलिंडरमधून जादा कार्बन डायऑक्साइड सोडलेला. दोन वर्षं हा प्रयोग चालला होता, आणि त्याचा सगळा जीव एक नंबरच्या साध्या हवेत होता. साधी हवा साधी राहिली नाही तर जादा कशाहून जादा म्हणायचं?

कामावर परतल्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी बाई एक नंबरमध्ये गेल्या. पाणी बघायला गेल्या होत्या. आत पंख्यांची आणि यंत्रांची एकसारखी घरघर होती, ऊब होती, पांढरा उजेड होता. त्यांनी एक प्लास्टिकचा क्रेट उलटा टाकला आणि बसल्या. दुसऱ्या दिवशी डबा घेऊनच गेल्या. मग रोज. जेवणाच्या सुटीत, एक ते दीड, सगळे कँटीनमध्ये असताना बाई घेवड्याच्या रोपांमध्ये बसत. खात, किंवा डबा मांडीवर धरून ठेवत. आपण काही चुकीचं करतोय असं त्यांच्या मनात आलं नाही. मनात काहीच येत नव्हतं. एक नंबरची पानं जरा जास्तच भरतायत हे त्यांनीच मोजलं, वहीत सुबक अक्षरात लिहिलं, आणि पुढचं पान उलटलं. एरवी याच बाईंनी एवढ्यावरून सगळं केंद्र डोक्यावर घेतलं असतं.

महिनाअखेरीला मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मॅडम म्हणजे प्रयोगाच्या प्रमुख. वयाने बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार, आणि दोन वर्षांत वाढदिवसालाही रजा न घेतलेल्या. खोल्यांतल्या हवेची नोंद आपोआप होत असे, पण ती उघडून बघायला त्यांना सहा आठवडे सवड झाली नव्हती. आता त्यांनी ती पडद्यावर लावली. एक नंबरमधल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ हवेच्या दहा लाख भागांत चारशेच्या आसपास सपाट चाललेली, आणि रोज दुपारी एक वाजता उंचवटा. साडेसहाशेपर्यंत चढायची, दीडनंतर हळूहळू उतरायची. रविवारी काही नाही. सोमवारपासून पुन्हा.

"कोणीतरी रोज माझ्या साध्या हवेत गॅस सोडतंय," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्तच वाईट वाटला. "दुपारी एकला सिलिंडर कोण बदलतं?"

सगळ्यांनी गॅसकाकांकडे पाहिलं. काका सिलिंडर आणि नळ्यांचं काम बघत. नाकासमोर चालणारा माणूस. खोल्यांत वर्दळ नको म्हणून मुद्दाम जेवणाच्या सुटीत व्हॉल्व्ह तपासायचे आणि स्वतः मागाहून गार जेवायचे.

"मीच," काका म्हणाले. "पण एक नंबरला माझी नळीच जात नाही, मॅडम."

"भिंत एकच आहे, काका. कुठूनतरी गळतंय."

बाई तिसऱ्या खुर्चीवर बसल्या होत्या. पडद्याकडे बघताक्षणी त्यांना कळलं होतं. एक ते दीड. तो उंचवटा त्यांचा होता. हात वर करायचा आणि सांगायचं, एवढंच काम. पण त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. भीतीने नव्हे. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. 'सांगायला हवं' हे वाक्य डोक्यात आलं आणि कोणी उचलून न नेलेल्या पार्सलसारखं तिथेच पडून राहिलं.

पुढचे चार दिवस काका रोज तासभर लवकर आले. गुडघ्यांवर बसून, हातात ब्रश आणि साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन, नळीच्या प्रत्येक सांध्यावर फेस लावत. गळती असेल तर बुडबुडा येतो. काका एका सांध्याला फेस लावत, चष्मा वर करून दोन मिनिटं टक लावून बघत, मग पुढच्या सांध्याकडे सरकत. कुठेच बुडबुडा येत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांचा जीव भांड्यात पडला. चौथ्या दिवशी मात्र ते बाईंना म्हणाले, "ताई, एक बुडबुडा दिसला ना, तर सुटलो मी."

"असं काय म्हणता?"

"गळत नाहीये, म्हणजे मीच काहीतरी करतोय. चुकून. आणि मला कळत नाहीये." त्यांनी उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली. "पकड पहिल्यासारखी राहिली नाही हो. बायकोसुद्धा म्हणते, तुम्ही नळ उघडा ठेवून येता. सोमवारी केंद्राचे मोठे साहेब काय ते सांगणार आहेत. मॅडम म्हणाल्या, दुसरा माणूस बघावा लागेल."

"तुमची चूक नाही, काका."

"तुम्ही चांगल्या आहात म्हणून म्हणता," काका म्हणाले आणि पुन्हा गुडघ्यांवर बसले. खाली बसताना त्यांनी भिंतीला हात टेकला.

बाई तिथे उभ्या राहिल्या. त्यांना काकांची दया आली असं म्हणवत नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय जाणवत नाही, पण खाली पाय आहे हे माहीत असतं आणि माणूस तो टाकतो. तशा बाई वळल्या आणि मॅडमच्या खोलीत गेल्या.

"एक नंबरमध्ये मी बसते," त्या म्हणाल्या. "रोज, एक ते दीड. काकांचा काही संबंध नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही?"

"हो."

"पानबाई, माझ्या पहिल्या दिवशी तुम्ही मला बाहेर काढलं होतं. मी प्रमुख आहे हे माहीत असूनही. आत शिंकले म्हणून."

"हो."

"आणि तुम्ही अर्धा अर्धा तास आत बसून श्वास सोडत होतात?"

बाईंनी खरं ते सांगितलं. "मी श्वास घेतेय हे माझ्या लक्षातच नव्हतं."

मॅडमना ते पटलं नाही, आणि त्यांचंही काही चुकलं नाही. असल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? काका आणि बाई एकोणीस वर्षं एकाच छपराखाली काम करतायत हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी नोंद पुन्हा उघडली आणि एका जागी बोट ठेवलं.

"रोजचं मी समजू शकते. एक माणूस, अर्धा तास, जमतं गणित. पण हा गुरुवार बघा."

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. तिथे रेघ साडेसहाशेला थांबली नव्हती, थेट नऊशेला टेकली होती.

"एका माणसाच्या श्वासाने अर्ध्या तासात एवढं होत नाही. त्या दिवशी तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग काय करत होतात?"

"डबा खात होते."

"मग गॅसच गळाला," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्यांना सांभाळून घेताय, हे मला कळतं. पण माझी दोन वर्षं पाण्यात गेली आहेत. मला चांगुलपणा नको, कारण हवंय."

बाईंनी जागेवर येऊन आपली डायरी काढली. त्या गुरुवारी सकाळी इस्पितळाची माणसं यंत्र परत न्यायला आली होती. बाईंनी सही केली होती. त्या माणसांनी नळीची गुंडाळी केली, यंत्र जिन्यावरून खाली नेलं, आणि बाई अर्धा तास उशिरा कामावर पोचल्या होत्या. पुढे? एकला क्रेटवर बसल्याचं आठवत होतं. डब्याचं झाकण आठवत होतं. मग एकदम दीडनंतरची वही. मधला अर्धा तास कोणी कात्रीने कापून नेल्यासारखा गायब होता. आणि एक आठवलं, की त्या संध्याकाळी घासायला काढला तेव्हा डबा भरलेला होता.

त्या परत मॅडमकडे गेल्या. "मला पुन्हा बसवा. तुम्ही बाहेर उभं राहून बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला बाईंना एक नंबरमध्ये बसवलं. सिलिंडर सगळे बंद. काकांना मॅडमनी स्वतःशेजारी उभं केलं, म्हणजे पुढे शंका नको. दाराला काच होती आणि बाहेर पडद्यावर रेघ चालू होती. मॅडमनी बाईंच्या हातात एक वही दिली.

"दर पाच मिनिटांनी एक मिनिट श्वास मोजा आणि लिहा. नाहीतर कोणीतरी म्हणेल, मुद्दाम जोरात घेतले."

दार बंद झालं. बाई क्रेटवर बसल्या. घेवड्याची पानं उजेडाकडे तोंड करून होती. पहिली पाच मिनिटं झाली, बाईंनी घड्याळ बघून मोजले. चौदा. लिहिले. रेघ रोजच्यासारखी चढू लागली होती, पण त्यांना ती दिसत नव्हती. त्यांना दिसत होते काचेतले काका, हात पाठीमागे बांधून, शाळेत उभं केल्यासारखे.

गुरुवारसारखं व्हायला हवं होतं. पण गुरुवारी काय झालं होतं? बाईंनी अक्काचा शेवटचा दिवस आठवून पाहिला. काही झालं नाही. तो दिवस त्यांनी इतक्यांना सांगितला होता की तो आता दुसऱ्या कोणाचा वाटे. यंत्र नेणारी माणसं आठवली. त्यांतल्या एकाला जिन्यावर ठेच लागली होती. काही नाही. दहा मिनिटं झाली. चौदा. पंधरा मिनिटं झाली. काका आता भिंतीला टेकले होते. अर्धा वेळ निघून गेला होता, आणि बाईंना पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याच्याने हे होणार नाही आणि या माणसाचं काम जाणार. चौदा, त्यांनी पुन्हा लिहिलं.

लिहिलेल्या तीन आकड्यांकडे त्या बघत राहिल्या. चौदा, चौदा, चौदा. काहीही न करता. पाठ टेकायची नाही, वाकायचं नाही, कोणी हाताला धरायचं नाही. अक्काचे श्वासही त्या मोजायच्या, शेवटी शेवटी रोज, हातात असंच घड्याळ धरून. चौतीस. कधी अडतीस. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, खांदे वर उचलून एकेक ओढून घेतलेला, आणि तरी पुरायचा नाही. मध्येच थांबून अक्का म्हणायची, "मोजू नकोस गं, तू मोजलंस की मला घाई होते." आणि इथे पानबाईंना चौदा पुरत होते. चौदांत भागत होतं यांचं, डबा मांडीवर घेऊन, चार भिंतींत, फुकट.

बाहेर मॅडमना आधी रेघ दिसली. ती एका जागी वळली आणि उभी चढायला लागली. मग त्यांनी काचेतून पाहिलं. बाई क्रेटवर पुढे वाकल्या होत्या. वही खाली पडली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, खांदे वर जात होते आणि आपटून खाली येत होते. काच जाड होती, आवाज जेमतेम येत होता, पण तो रडण्याचा आहे हे कळायला आवाज लागत नव्हता. बुडणाऱ्या माणसासारखी ती बाई हवा ओढत होती.

"सातशे वीस," मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळाने, "आठशे."

"मॅडम, दार उघडा," काका म्हणाले.

"अजून सात मिनिटं आहेत, काका. तुमच्यासाठीच चाललंय हे. आता उघडलं तर काही सिद्ध होणार नाही."

"नको व्हायला."

"काका—"

"काढा मला. सोमवारी कशाला, आत्ता काढा. मी गळवला गॅस, लिहून देतो." काकांनी मॅडमच्या पुढ्यातून हात घालून कडी ओढली.

ते आत गेले, छाती न भरता, तोंड न वळवता, पायऱ्या चढून आलेल्या माणसासारखे धापा टाकत. क्रेट एकच होता. मग ते दोन कुंड्या सरकवून बाईंच्या पुढ्यात खाली बसले. गुडघे कटकन वाजले. त्यांनी पडलेली वही उचलली, झटकली आणि हातातच धरून ठेवली.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. दार उघडायच्या आधी रेघ आठशे चाळीसला पोचली होती, आणि अजून सात मिनिटं बाकी होती. त्यांना हिशोब करायला कागद लागला नाही. त्यांनी नोंद बंद केली नाही. दार मात्र आपल्या हाताने हळूच लोटून घेतलं, आणि काचेसमोरून बाजूला झाल्या.

आत बाईंचे हुंदके थोडे लांब लांब यायला लागले होते. त्यांनी पदराने नाक पुसलं, काकांकडे पाहिलं, आणि कोणाला अजून माहीत नसलेली बातमी सांगावी तसं म्हणाल्या, "काका, माझी अक्का गेली हो."

अक्का गेली त्या दिवशी काका शेवटपर्यंत त्यांच्या घरी थांबले होते. खुर्च्या त्यांनीच आणल्या होत्या.

"हो का, ताई," ते म्हणाले. "कधी?"